लाह कुठल्या रकान्यात भरायची?

आपल्या कॉलेजात 'एनएसएस' म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर कोणार्कच्या चाकाचा तो बिल्ला येतो. सात दिवसांचं शिबिर, सकाळचं श्रमदान, दुपारचं व्याख्यान (आणि त्यातली डुलकी!), रात्रीची शेकोटी. राष्ट्रीय सेवा योजना! १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांतल्या ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन ती सुरू झाली. पण आम्हाला स्टॅटिस्टिक्स शिकवणाऱ्या सरांना विचाराल तर त्यांच्यासाठी एनएसएस म्हणजे नॅशनल सँपल सर्व्हे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकारानं १९५० मध्ये सुरू झालेली, घरोघरी जाऊन देशाची नाडी तपासणारी यंत्रणा.

तिसऱ्या वर्षाच्या मिनी प्रोजेक्टला सरांनी या दोन्ही एनएसएसचं लग्न लावून दिलं. विषय असा : "आपल्या देशात लोक स्वयंसेवा किती करतात आणि नागरी जीवनात किती भाग घेतात, हे मोजणाऱ्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचा आराखडा तयार करा. प्रश्न तपासायला पायलट आपल्या नंदुरबार जिल्ह्यातच घ्या."

कॅन्टीनमध्ये यावर सगळ्यांचं एकमत झालं की या ग्रुपची यंदा चैन आहे. सर्किट नाही, प्रोग्रॅम नाही, वेल्डिंग नाही. दहा प्रश्न टाइप करायचे, झेरॉक्स काढायच्या, की झालं सबमिशन! घरी आईला विषय सांगितला तर ती तिच्या अहिराणीत म्हणाली, "त्याम्हा काय इचारानं शे?" त्यात विचारायचं काय एवढं, लोक एकमेकांना मदत करतातच की.

मित्रहो, आईच्या त्या 'करतातच की'ला आकड्यात बसवायला आम्हाला अख्खं सेमिस्टर लागलं. मीटर बनवण्यापेक्षा प्रश्न बनवणं अवघड असतं, हे आपल्या शाखेतल्या लोकांना सहसा कुणी सांगत नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

आधी आपल्या जिल्ह्याविषयी थोडं. बाहेरून आलेल्या दोस्तांना 'नंदुरबार' म्हणजे एक रेल्वे स्टेशन आणि मिरच्यांचा बाजार एवढंच माहीत असतं. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी (म्हणजे धडगाव) असे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साधारण साडेसोळा लाख, त्यातले सुमारे ६९ टक्के आदिवासी. बोली म्हणाल तर भिली, पावरी, मावची, कोकणी, अहिराणी, गुजरी... बसमध्ये चार सीट ओलांडल्या की भाषा बदलते. आणि हो, देशातली सगळ्यात मोठी मोजणी इथूनच सुरू झाली. २९ सप्टेंबर २०१० ला शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात पहिली आधार कार्डं वाटली गेली. थोडक्यात, मोजून घेण्याची आम्हाला सवय आहे!

आता कामाचं. जगात ही मोजणी होते कशी? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं २०११ साली स्वयंसेवा मोजण्याचं एक मॅन्युअल काढलं. २०१३ मध्ये श्रम-सांख्यिकी तज्ज्ञांच्या १९ व्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं व्याख्या पक्की केली. काम विनामोबदला हवं, सक्तीचं नको, आणि दुसऱ्यासाठी हवं. 'दुसरा' म्हणजे आपलं घर आणि आपले नातेवाईक सोडून इतर कुणी. जेवण, येण्याजाण्याचा खर्च किंवा छोटीशी भेट मिळाली तरी चालते. थोडी रोख रक्कम मिळाली तरी चालते, फक्त ती स्थानिक मजुरीच्या एक तृतीयांशापेक्षा कमी हवी. मागच्या चार आठवड्यांत असं काम केलं का, हे विचारायचं. वाचायला अगदी सुटसुटीत.

अमेरिकेत सप्टेंबर २००२ पासून त्यांच्या श्रमिक सर्वेक्षणाला स्वयंसेवेची पुरवणी जोडली जाऊ लागली. तिथे संस्थेमार्फत केलेलं काम आणि शेजाऱ्याला केलेली मदत असे दोन वेगळे प्रश्न असतात. २०२३ च्या फेरीत संस्थेमार्फत स्वयंसेवा करणारे २८.३ टक्के निघाले आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना मदत करणारे ५४.२ टक्के. म्हणजे देश तोच, माणसं तीच, वर्ष तेच, फक्त प्रश्न बदलला तर आकडा जवळजवळ दुप्पट!

आपल्याकडे याला सगळ्यात जवळचं म्हणजे वेळ-वापर सर्वेक्षण. १९९८-९९ मध्ये त्याची चाचणी सहा राज्यांत झाली, त्यात महाराष्ट्र नव्हता. पूर्ण देशाचं पहिलं सर्वेक्षण जानेवारी ते डिसेंबर २०१९ मध्ये झालं. १,३८,७९९ घरं आणि ४,४७,२५० माणसं. काल पहाटे चार ते आज पहाटे चार या २४ तासांत तुम्ही काय काय केलं, ते अर्ध्या-अर्ध्या तासाच्या खणांत लिहायचं. त्यात 'विनावेतन स्वयंसेवा, प्रशिक्षणार्थी व इतर विनावेतन काम' या गटात त्या दिवशी वेळ घालवणारे निघाले २.४ टक्के.

आता कुणी २.४ आणि २८.३ हे आकडे शेजारी-शेजारी ठेवून "भारतीय माणूस स्वार्थी आहे" असा अग्रलेख लिहू शकेल. पण एक आकडा एका दिवसाचा आहे, दुसरा अख्ख्या वर्षाचा. हे म्हणजे एका घरात एक मिनिट थांबून 'या मिनिटात कुणी आंघोळ करत नव्हतं' अशी नोंद करणं आणि त्यावरून घर पारोसं ठरवणं झालं. सर याला 'विंडो'चा प्रश्न म्हणतात. पहिल्या वर्षी व्हर्नियरचा लीस्ट काउंट पाठ केला तेव्हा तो माणसांच्या बाबतीतही लागतो, असं कुणी सांगितलं नव्हतं.

हा सगळा अभ्यास बॅगेत भरून आम्ही पायलटला निघालो. ग्रुपमधला एकजण धडगाव तालुक्यातलाच, पावरी त्याची मायबोली. पाडाही त्यानंच ठरवला. बाहेरच्या सर्वेक्षणांच्या धर्तीवरची एक प्रश्नावली मुद्दाम जशीच्या तशी सोबत घेतली, कारण ती आपल्या मातीत कुठे अडते तेच बघायचं होतं.

ती पहिल्याच प्रश्नाला अडली. "तुम्ही कुठल्या संस्थेत स्वयंसेवक म्हणून काम केलं आहे का?" मित्रानं पावरीत सांगून बघितलं, खुणा करून सांगितलं. समोरचे बाबा शांतपणे म्हणाले, "नाही." कुठल्या मंडळाचे, संघटनेचे सभासद? "नाही." महिन्यातून किती तास समाजकार्य? बाबा हसले. रकान्यात शून्य.

गंमत म्हणजे ही मुलाखत चालू होती एका अर्ध्या बांधलेल्या घरासमोर. सागाचे खांब उभे होते, वर आडवी लाकडं बसवणं चाललं होतं आणि पंधरा-वीस माणसं घामाघूम होऊन राबत होती. बाबाही त्यातलेच, आमच्यासाठी जरा टेकले होते. घर त्यांचं नव्हतं. मी मित्राला विचारलं, "मग हे काय चाललंय?" तो म्हणाला, "ही लाह."

कुणी 'लाह' म्हणतं, कुणी 'लाहा'. सातपुड्यातली ही जुनी रीत. एखाद्याचं घर बांधायचं असो, शेताची निंदणी असो, जे एका कुटुंबाच्या हातून होणार नाही त्यासाठी पाडा एकत्र येतो. मजुरी नाही. ज्याचं काम त्यानं त्या दिवशी सगळ्यांना जेवू घालायचं. बाकी महाराष्ट्रात इर्जिक आणि सावड हे शब्द आपल्या आजोबांना माहीत होते, आपल्याला ते फक्त शब्दकोशात भेटतात. इथे ती गोष्ट डोळ्यांसमोर चालू होती आणि आमच्या कागदावर मात्र लिहिलं होतं शून्य!

त्या दिवसापासून प्रोजेक्टचा नूरच पालटला. आंतरराष्ट्रीय व्याख्या घेऊन आम्ही लाहेची एकेक अट तपासायला बसलो. मजुरी नाही, जुळलं. जेवण मिळतं, ते चालतं. दुसऱ्यासाठी? इथे गाडी थांबली. व्याख्येत नातेवाईक वगळलेत, आणि सातपुड्यात कित्येक ठिकाणी अख्खा पाडा म्हणजे एकच भावकी. नियम काटेकोर लावला तर वीस माणसांनी बांधलेलं घर 'घरगुती काम' ठरतं. शहरात अनोळखी माणसाला मदत केली तर ती स्वयंसेवा. पाड्यात अनोळखी माणूस आणायचा कुठून?

मग सगळ्यात अवघड अट : 'सक्तीचं नको.' मी बाबांना विचारलं होतं, "बाबा, तुम्ही आज आला नसता तर?" मित्रानं उत्तर मराठीत सांगितलं : "आलो नाही तर कुणी काही म्हणत नाही. पण माझं घर पडेल तेव्हा कोण येईल?"

आता ही सक्ती म्हणायची का? दंड नाही, हुकूम नाही. पण मनात पक्का हिशेब आहे, आणि त्या हिशेबाच्या आधारावरच पाडा उभा आहे. रात्री मुक्कामाला आमच्यातच वाद पेटला. एकजण म्हणाला, "यात परतफेड आहे, म्हणून ही स्वयंसेवा नाही." त्यावर दुसऱ्यानं विचारलं, "बरं, मग आपली एनएसएस? वर्षाला १२० तास भरायचे, हजेरी लागते, सर्टिफिकेट मिळतं, ग्रेस मार्कांची आशा असते. आपल्यातले किती जण नुसत्या सेवेसाठी जातात?" कंदिलाच्या उजेडात सगळे एकदम गप्प. बाबांकडे ना बिल्ला, ना सर्टिफिकेट. तरी फॉर्ममध्ये आपल्यापुढे १२० आणि त्यांच्यापुढे शून्य!

पण नाण्याला दुसरी बाजू आहे आणि ती जास्त गंभीर आहे. याच भागात माणसं वर्षानुवर्षं सालदारकीत राबली, उचलीच्या ओझ्याखाली फुकट राबवली गेली. शहाद्याकडे अंबरसिंग महाराजांसारखे कार्यकर्ते आणि १९७२ पासून श्रमिक संघटना याच प्रश्नांवर उभी राहिली. वेठबिगारी संपवणारा कायदा देशात १९७६ साली झाला. तेव्हा 'विनामोबदला काम' हा रकाना इथे डोळे झाकून भरता येत नाही. गावाचा रस्ता 'लोकसहभागातून' झाला असं फळ्यावर लिहिलेलं असतं. पण ते हात आपणहून आले होते, की योजनेची अट म्हणून आणले होते? दोन्ही एकाच रकान्यात पडले तर सर्वेक्षणाच्या तक्त्यात वेठसुद्धा समाजसेवा म्हणून चमकेल. म्हणून आमच्या आराखड्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न ठरला तो हा : "नाही म्हणता आलं असतं का? म्हटलं असतं तर काय झालं असतं?" याच्या उत्तराला आम्ही तीन खण ठेवले. काहीच झालं नसतं. लोकांना वाईट वाटलं असतं किंवा पुढे मदत मिळाली नसती. मजुरी, रेशन, योजना किंवा मार्क गेले असते. लाह दुसऱ्या खणात जाते, वेठ तिसऱ्या. (आणि आपली एनएसएस कुठल्या खणात जाते, ते ज्याचं त्यानं ठरवावं!)

बाकीचा आराखडाही असाच, एकेका ठेचेतून घडला.

'स्वयंसेवक' हा शब्द आम्ही प्रश्नावलीतून काढूनच टाकला. तो शब्द ऐकला की लोकांना बिल्ला, शिट्टी आणि मंडपातली गर्दी आठवते. त्या श्रम संघटनेच्या मॅन्युअलमधला नमुना प्रश्नही 'व्हॉलंटिअर' शब्द वापरत नाही. त्याऐवजी आम्ही कामांची यादी वाचतो : कुणाचं घर शाकारायला गेलात का, निंदणीला गेलात का, आजाऱ्याला झोळी करून खाली दवाखान्यात नेलं का, मयतीच्या घरी लाकडं, पाणी, जेवण पोचवलं का, कुणाचा अर्ज लिहून दिला का. यादी सुरू झाली की "नाही, नाही" म्हणणारा माणूस आपणहून सांगायला लागतो.

नातेवाईक वगळायचे नाहीत, फक्त नातं वेगळ्या खणात लिहायचं. ज्याला आंतरराष्ट्रीय तुलना करायची त्यानं ते नंतर गाळावं. आधीच गाळलेलं पुन्हा मिळत नाही, हे सिग्नल प्रोसेसिंग शिकलेल्यांना सांगायला नको.

काळ दोन मापांनी विचारायचा. एक, गेले चार आठवडे. दुसरा, 'गेल्या होळीपासून'. 'मागच्या बारा महिन्यांत' म्हटलं की माणसं गोंधळतात; होळी कुणी विसरत नाही. आपल्याकडे तर काठीच्या होळीला लोक कुठून कुठून चालत येतात. शिवाय लाहेला हंगाम आहे. घरांची कामं उन्हाळ्यात, निंदणी पावसाळ्यात. फक्त एकाच महिन्यात विचारलं तर आकडा हंगामाचा येईल, माणसांचा नाही.

बाईला वेगळं विचारायचं. 'कुटुंबप्रमुखा'ला विचारलं तर तो वीस माणसांनी घर बांधल्याचं सांगतो. त्या वीस माणसांच्या भाकरी भाजायला शेजारच्या चार घरच्या बाया पहाटेपासून चुलीपुढे होत्या, हे त्याच्या तोंडून येत नाही. ते आमच्या ग्रुपमधल्या मैत्रिणीला चुलीपाशी बसल्यावर कळलं.

बंद घरांचा प्रश्न वेगळाच. दिवाळीनंतर इथली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला आणि इतर मजुरीला गुजरातेत जातात. सर्वेक्षक हिवाळ्यात आला तर दाराला कुलूप. मग बदली म्हणून शेजारचं उघडं घर घेतलं जातं. म्हणजे ज्यांना सगळ्यात जास्त एकमेकांच्या आधारावर जगावं लागतं, नेमके तेच सँपलमधून गळतात. म्हणून वर्षभर फेऱ्या आणि कुलूप लागलेल्या घराकडे होळीच्या सुमारास पुन्हा एक चक्कर, असं आम्ही लिहिलं. खर्च वाढेल, पण इलाज नाही.

नागरी सहभागाचंही तेच. मतदान केलं का, हा सोपा प्रश्न. ग्रामसभेला गेलात का, हा फसवा. कारण ग्रामपंचायतीची सभा खाली मोठ्या गावात, आणि पाड्याचे खरे निर्णय पाड्याच्याच बैठकीत. १९९६ च्या पेसा कायद्यानं आणि महाराष्ट्राच्या २०१४ च्या नियमांनी अनुसूचित क्षेत्रात पाड्यालाही स्वतःच्या ग्रामसभेची वाट मोकळी केली आहे. तेव्हा 'कुठल्या बैठकीला, बोललात का, बोललेलं कुणी ऐकलं का' असे तीन प्रश्न हवेत. सत्तरच्या दशकात शहाद्याकडच्या आदिवासी बायांनी दारूविरोधात मोहीम काढली, तेव्हा त्या कुठल्या संस्थेच्या सभासद आहेत हे कुणी आधी विचारलं नव्हतं.

वयाच्या अटीवरूनही आम्ही भांडलो. अमेरिकेच्या त्या सर्वेक्षणात १६ वर्षांखालचे धरत नाहीत. आमच्यातला एकजण म्हणाला, "मग आपला शिरीषकुमार?" ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारच्या रस्त्यात मिरवणुकीवर गोळीबार झाला. त्यात शिरीषकुमार आणि त्याचे चार साथीदार गेले. २८ डिसेंबर १९२६ चा जन्म, म्हणजे तेव्हा तो १५ वर्षांचा. देशासाठी जीव दिला, पण फॉर्मच्या हिशेबानं तो 'अपात्र'. आम्ही अट खाली आणून दहा वर्षांवर ठेवली.

शेवटी सरांनी व्हायव्हाला एकच प्रश्न विचारला : "एवढं सगळं केलंत, पण तुमच्या राष्ट्रीय सर्वेक्षणातून नंदुरबारचा आकडा मिळणार का?"

हिशेब फळ्यावरच मांडला. ९५ टक्के विश्वासानं, पाच टक्के इकडेतिकडे चालेल म्हटलं तरी एका जिल्ह्याला साधारण ३८५ माणसं लागतात. एकाच पाड्यातली माणसं सारखी असतात म्हणून ते दुप्पट करा, ७७०. देशात सातशेहून जास्त जिल्हे. म्हणजे पाच लाखांच्या वर मुलाखती. २०१९ चं अख्खं सर्वेक्षण साडेचार लाखांच्या आत होतं. थोडक्यात, जिल्ह्याचा विश्वासार्ह आकडा हाती येणं अवघडच. सर म्हणाले, "मग नंदुरबारला यातून काय मिळालं?"

उत्तर आमच्या धडगावच्या मित्रानं दिलं. "सर, आकडा नाही मिळाला तरी चालेल. प्रश्न मिळायला हवा. देशाच्या फॉर्ममध्ये लाहेला एक ओळ असली की झारखंडमध्ये, ओडिशात, गडचिरोलीत जिथे जिथे माणसं अशी राबतात, तिथे तिथे ती दिसेल. ओळच नसली तर सगळीकडे शून्य येईल. आणि शून्य आलं की ऑफिसात बसलेला माणूस म्हणतो, 'या लोकांमध्ये सहभागाची भावनाच नाही.' मग आम्हाला सहभाग शिकवायला शिबिरं घेतात."

सर काही बोलले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला आणि शीटवर सही केली.

तर मित्रहो, यंदाच्या शिबिरात तुम्हीही एखाद्या गावी जाल. फावडी, घमेली न्याल, झाडं लावाल, पथनाट्य कराल. जरूर करा. पण एक संध्याकाळ राखून ठेवा आणि गावातल्या एखाद्या बाबांना, एखाद्या मावशीला विचारा, "तुमच्याकडे एकट्यानं न होणारं काम कसं करतात?" उत्तर ऐकताना घाई करू नका. त्यांच्याकडे त्या गोष्टीला जो शब्द असेल तो जसाच्या तसा वहीत लिहून आणा. आमच्या प्रश्नावलीच्या शेवटी 'इतर (स्पष्ट करा)' म्हणून चार ओळी मुद्दाम रिकाम्या ठेवल्या आहेत.